आखितीचा जोड

१

सोलापुरात मे महिन्यात माणूस घसरून पडतो म्हणलं की लोक हसत्यात. हितं रस्त्याचं डांबर पायाला चिकटतं, घसरायचं कशावरनं? पण मी आयुष्यभर घसरायच्या भीतीवरच पोट भरत आलोय. कुंभारीच्या रस्त्याला आमचा बर्फाचा कारखाना हाय. बाहेर उन्हानं डोकं फुटायची वेळ येते अन् आत बर्फखोलीत नाकातलं पाणी गोठतंय. लाद्यांच्या थप्प्या छातीपर्यंत रचलेल्या असत्यात अन् खाली जमीन दिसतच न्हाय, सगळा बर्फ.

मालकानं आमाला गमबूट दिल्यात. ते घालून मालकानं एकदा आत लादी ओढून दाखवावी, मग बोलावं. आमी घालतो टायरच्या चपला. टाचेखाली सोड्याच्या बाटलीची पत्र्याची झाकणं, दात खाली करून चुकांनी, म्हंजी बारीक खिळ्यांनी ठोकलेली, अन् पुढं पंजावर पायासकट काथ्याची दोरी गच्च गुंडाळलेली. ह्या सगळ्या प्रकाराला आमी नुसतं 'काथ्या' म्हणतो. काथ्या बांधला की पाय बर्फाला धरून चालतो. चालताना खरखर आवाज येतो, त्यावरनं दारातल्या माणसाला कळतं की आतला अजून उभा हाय.

त्यातली एक रीत हाय. आपला काथ्या आपण बांधायचा न्हाय. वाकून बांधला की उभं राहिल्यावर दोरी सैल पडती, हे एक. दुसरं म्हणजे, ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. आतला बाहेर येईस्तवर बांधणारा दारातनं हलत न्हाय, म्हणून आमच्या हितं आजवर कुणी आत कोंडून राहिला न्हाय. साधा हिशेब हाय, त्यात देवाधर्माचं काय न्हाय.

माझा काथ्या बाळासो बांधायचा अन् त्याचा मी. मिसरूड फुटायच्या आधीपासनं आमी एका ताटातले. गेल्या साली माझी रेश्मा त्याच्या इंद्रजीतला दिली, तवापासनं व्याही झालो. मी त्याला चिडवायला 'पाव्हणं' म्हणायचो अन् तो मला शिव्या द्यायचा. पाय कुणाच्या हातात द्यावा अन् लेक कुणाच्या घरात द्यावी, ह्याचा मला कधी विचारच करावा लागला न्हाय.

२

आखितीला, म्हंजी अक्षय तृतीयेला, आमच्याकडं दान करत्यात. माठ, छत्री, चपला, उन्हाळ्यात माणसाला जे कामाला येतं ते. बाळासोनं आजवर कुणाला तांब्याभर पाणी दान केल्याचं मला आठवत न्हाय. यंदा मात्र तो आखितीच्या सकाळी पिशवी घेऊन कामावर आला. पिशवीत चपलांचा जोड होता.

"घे धोंडीराम. तुझ्यासाठी केल्यात."

पट्टे कोरे करकरीत होते. उलट्या करून बघितल्या तर तळ झिजलेला, अन् डाव्या टाचेला एक झाकण कमी. तितं नुसती चुकांची भोकं.

"पाव्हणं, पट्टा नवा अन् टायर जुनं? व्याह्याला देताना तरी हात सैल सोडायचा की."

"जुनंच टायर बर्फ धरतं," तो म्हणला. "झाकण कमी पडलं एक. घे तू."

"साडेसाती तर घालत न्हायस ना माझ्या पायात?"

शनिवारी लोक शनीच्या देवळाम्होरं चपला सोडून अनवाणी घरला जात्यात, आपली पीडा चपलांसंगं जावी म्हणून. त्यावरनं मी बोललो. आमची रोजचीच थट्टा. एरवी त्यानं माझ्या बापापर्यंत उद्धार केला असता. त्या दिवशी तो नुसता खाली बसला, माझा पाय मांडीवर घेतला अन् काथ्या बांधाया लागला.

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. बायको गेल्यापासनं मला कुणी आपणहून काही दिलं नव्हतं. दिवसभर मी येणाऱ्या-जाणाऱ्या डायव्हरला पाय वर करून दाखवत होतो, माझ्या व्याह्यानं दिल्यात म्हणून.

३

संध्याकाळी बर्फखोलीची जमीन फावड्यानं खरवडून खराट्यानं झाडायची, हे माझं काम. रातभर दार बंद असतं, मग जमिनीवर पांढरं दंव धरतं. सकाळी दार उघडलं की ते दंव कोरं असतं. मला ते बघायला आवडतं. पहिलं पाऊल माझं पडतं.

आखितीनंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी मी दार उघडलं तर दंवावर पावलं उमटलेली. पुढं काथ्याचे वळ, मागं झाकणांच्या दातांची गोल नक्षी. दारापासनं सरळ आत, थप्पीला वळसा घालून मागच्या भिंतीकडं. डाव्या टाचेला एका नक्षीची जागा मोकळी.

मी उंबऱ्यातच उभा राहिलो. पहिला विचार आला तो सरळ होता, बाबा तुझीच पावलं हायत, कालची. पण काल मी झाडलं होतं. मग म्हणलं, झाडताना राहिलं असंल, डोळं म्हातारं झालं. पण मग आत गेलेली दिसत्यात तर परतीची कुटं हायत? थप्पीच्या मागं जाऊन यावं असं वाटलं, पण गेलो न्हाय. खराटा घेतला अन् जेवढी दिसत होती तेवढी झाडून टाकली.

चपला रातभर बाहेर बाकाच्या वर खुंटीला टांगलेल्या असत्यात. मी हात लावून बघितला. काथ्या गार लागला, गार अन् ओला. सकाळच्या वेळी सगळंच गार लागतं, असं मी स्वतःला म्हणलं. सोलापुरात मे महिन्यात सकाळी काय गार लागतं ते मला कुणीतरी दाखवावं.

बाळासो आला तसं त्याला सांगितलं.

"तुझीच असतील की," तो म्हणला.

"परतीची न्हाईत."

"मोडली असतील. तू लई विचार करतोस."

बोलताना तो आत बघत नव्हता, माझ्या पायाकडं बघत होता. तवा माझ्या ध्यानात आलं की आखितीपासनं तो एकदाही बर्फखोलीत गेला न्हाय. गुडघा दुखतोय म्हणायचा. लाद्या मीच ओढायचो, तो बांधायचा, सोडायचा अन् दारात बसायचा. मला वाटलं, वय झालं, दुखत असंल गुडघा.

४

बर्फ बोलतो. नव्या माणसाला त्याची भीती वाटती, आमाला न्हाय. लादी तडकती, थप्पी बसती, मधीच कुणीतरी बोटं मोडल्यागत आवाज येतो. त्या आवाजांची मला सवय हाय.

पण हा आवाज खरखर होता. मी चाललो की माझी खरखर, ती वेगळी कळती. मी थांबलो की थांबायची, पण एक पाऊल उशिरा. थप्पीच्या मागनं. मी मुद्दाम दोन पावलं टाकून थांबलो, पुन्हा तसंच. भिंतीला आवाज आपटून मागं येतोय, असं मी ठरवलं. मग लादी ओढायचा आकडा टेकून नुसताच उभा राहिलो, श्वास सुदिक धरून. बराच वेळ काही न्हाय. अन् मग थप्पीच्या मागं एकच पाऊल पडलं. सावकाश, जपून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

मी लादी तितंच सोडून बाहेर आलो. बाळासो दारात होता, रीतीप्रमाणं. त्यानं माझा काथ्या सोडला. त्याची बोटं माझ्या पायाला लागू नयेत असं जपून सोडत होता.

त्यानंतर सकाळची पावलं बदलली. आता ती मागच्या भिंतीकडनं दाराकडं येत होती. चवड्यांची दिशा माझ्याकडं. थप्पीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलेली. दुसऱ्या सकाळी कोपऱ्याच्या अलीकडं. मग आणखी अलीकडं.

५

रविवारी दुपारी मी कैऱ्या घेऊन रेश्माकडं गेलो. बाळासोचं घर कारखान्यापासनं हाकेच्या अंतरावर हाय. तिला सातवा लागलाय. आई नसलेल्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी कोण करणार, म्हणून ती सासरीच राहिली. जावई आठवडाभर अकलूजला डेअरीत असतो, शनिवारी येतो अन् रविवारी सकाळच्या गाडीनं जातो. घरात ती, सासू अन् बाळासो. सासू देवळात गेली होती. आतल्या खोलीत बाळासो घोरत होता.

"झोपू द्या त्यांना आबा," रेश्मा म्हणली. "मामा उन्हाळा लागल्यापासनं झोपलेच नव्हते. आता कुटं डोळा लागाय लागलाय."

"का, काय झालं होतं?"

"काय की. रातभर उंबऱ्यात बसायचे दिवा लावून. अन् सकाळी उठलं की घरात ओल असायची." ती कैरी चिरत होती, सहज बोलत होती. "पाय उमटल्यागत. मोरीचं पाणी झिरपत असंल. एवढ्या उन्हात पण वाळायची न्हाय बघा. आधी अंगणात होती, मग उंबऱ्यात, मग सोप्यात. मामा कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत, स्वतः पुसायचे. शेवटी माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली. मी घसरले त्याच्यावर."

"पडलीस?"

"भिंत धरली. काय झालं न्हाय आबा, तुमी घाबरू नका. पण मामा त्या दिवशी लई रडले. मग आखितीच्या आदल्या दिवशी त्यांच्या कामावरच्या जुन्या चपला काढून बसले, नवे पट्टे लावले. म्हणले, तुझ्या बापाला देतो. एवढा जीव लावून ठोकत होते की." ती हसली. "तवापासनं उंबरा कोरडा हाय."

तिनं मला मीठ लावून फोड दिली. मी ती खाल्ली. आतनं बाळासोचं घोरणं ऐकू येत होतं, पोटभर जेवून झोपलेल्या माणसाचं. ज्या माणसानं माझा पाय मांडीवर घेतला, त्यानं त्या वेळी सगळं ठाऊक असून घेतला होता. मला शिसारी आली. त्याच्यापेक्षा जास्त राग माझ्याच त्या भरून येण्याचा आला.

६

सोमवारी उजनीकडनं मासळीची गाडी बर्फ न्यायला यायची होती. दुपार होती. मी बाकावर बसलो अन् चपला त्याच्यासमोर टाकल्या.

"तुझ्या हायत ह्या."

बाळासोनं बघितलं अन् त्याला समजलं. "दिलेलं दान परत घेता येत न्हाय, धोंडीराम."

"काय हाय ते?"

"मला ठाऊक न्हाय. आईशपथ. माझ्या पावलावर पाऊल टाकत आलं, घरापर्यंत आलं. एवढंच."

"अन् तू माझ्या पायात घातलंस."

"मग काय करू?" तो एकदम माझ्या जवळ सरकला. "तुझ्या लेकीच्या दारापर्यंत आलं होतं. पोटात माझं नातवंड हाय, तुझं बी हाय. दे मला परत. रातच्याला तिच्या दारात बसायला तू ये."

त्याला ठाऊक होतं मी परत देणार न्हाय. ह्याच भरवशावर त्यानं पिशवी आणली होती.

"मला सांगितलं असतंस," मी म्हणलं. "एवढंच म्हणायचं होतंस, धोंड्या, असं असं हाय, रेश्माला धोका हाय, पाय पुढं कर. मी केला नसता व्हय? दोन्ही केले असते. तू विचारलंच न्हाईस रे. मला शनीच्या देवळाची पायरी केलीस."

तो मान खाली घालून रडाया लागला. मला दया आली न्हाय. गाडीचा हॉर्न वाजला अन् मी पाय पुढं केला.

"बांध."

त्यानं पाय मांडीवर घेतला. दोरी पंजावरनं फिरवली, टाचेमागनं आणली अन् मग अंगठ्याला वेढा घातला. आजवर कधी घातला नव्हता. दुसऱ्या पायाला तसंच. गाठ मारली. बायको गेली तवा तिच्या पायाचे अंगठे मीच बांधले होते, ती गाठ मला लगेच ओळखू आली.

"अंगठ्याला कशाला?"

"घट्ट बसतं."

"दारातनं हलू नगंस."

"न्हाय हलत," बाळासो म्हणला.

७

आत गेलो तसं दार मागं लोटलं गेलं. सकाळपासनं आत कुणी गेलं नव्हतं, तरी दंवावर पावलं होती, पार दाराशी येऊन थांबलेली. माझ्या पायांच्या पुढं चवड्याला चवडा लागेल एवढ्यावर. त्यांच्यावरनं चालायचं माझ्या जिवावर आलं. बाजूनं गेलो.

लादी धरायला थप्पीशी वाकलो. कडेची लादी काचेगत स्वच्छ निघाली होती, आरपार दिसत होतं. पलीकडं, बर्फाच्या जाडीतनं वाकडे झालेले, दोन पाय उभे होते. पांढरे फटक. काथ्या बांधलेले. अंगठ्याला वेढा. गुडघ्याच्या वर मी बघितलं न्हाय, बघायची हिंमत झाली न्हाय. डाव्या पायाचं नख काळं पडलेलं होतं. माझ्या डाव्या पायाचं नख काळं हाय, लादी पडली होती त्यावर.

आकडा ठेवला अन् दाराकडं निघालो, पळालो तर पडीन हे डोक्यात पक्कं होतं. माझी खरखर अन् मागं दुसरी, ह्या वेळी एक पाऊल उशिरा न्हाय, बरोबर. बाहेरनं कडी नसली की दार आतनं ढकललं तरी उघडतं. मी ढकललं. उन्हाचा लोट तोंडावर आला.

बाक मोकळा होता.

"बाळासो," मी हाक मारली. वॉचमन ईरप्पा फाटकाशी उभा होता. "घरला गेला की त्यो," तो म्हणला. "पळतच गेला. काय झालं?"

मी काही बोलणार तेवढ्यात पोटऱ्यांना गार वारा लागला. कुणीतरी चिकटून पुढं गेल्यागत. खाली बघितलं तर तापलेल्या सिमेंटवर ओलं पाऊल उमटलं. मग दुसरं. उन्हात वाळली न्हाईत. बाकाला वळसा घालून फाटकातनं रस्त्याला लागली, ज्या रस्त्यानं बाळासो पळाला होता त्याच. ईरप्पा माझ्या तोंडाकडं बघत होता, त्याला जमिनीवर काय दिसत नसावं. माझ्या पायांवरच्या गाठी सैल होऊन लोंबत होत्या.

ज्यानं बांधला त्यानं सोडायचा. तो दारात थांबला नव्हता, म्हणून ते त्याला हुडकायला निघालं होतं. अन् तो पळून कुटं गेला, तर माझ्या लेकीच्या घरात.

फोन वाजला. रेश्मा होती.

"आबा, मामा धापा टाकत आले अन् आतल्या खोलीला कडी घालून बसलेत. अन् ती ओल परत आली बघा, अंगणात. आत्ता नव्हती."

"तू खोलीत जा अन् पलंगावर पाय वर घेऊन बस. खाली पाय टेकू नगंस. फोन चालू ठेव."

८

मी बाकावर बसलो. फोन शेजारी ठेवला. लोंबणारी दोरी सगळी सोडून घेतली अन् पुन्हा पहिल्यापासनं गुंडाळली. पंजावरनं, टाचेमागनं. अंगठ्याला वेढा घातला, बाळासोनं घातला तसाच. आपला काथ्या आपण बांधत होतो, जन्मात पहिल्यांदा. वाकून बांधलं की सैल पडतं म्हणत्यात, म्हणून दातानं ओढून आवळली. दोन्ही गाठी मारल्या. आता बांधणारा मी होतो. कुणाला हुडकायचंच असंल तर मला हुडकावं.

फोनमधनं रेश्माचा श्वास ऐकू येत होता. "आबा, उंबऱ्यात आलीय," ती म्हणली. मी गाठी पुन्हा आवळल्या. मग म्हणली, "आबा, वाळली. बघता बघता वाळली. आता काहीच न्हाय."

"बरं झालं."

"तुमी कुटं हाय?"

"कामावर. मासळीची गाडी हाय. तू झोप जरा. मामाला फोन दे."

कडी निघाल्याचा आवाज आला. मग बाळासोचा खोकला.

"धोंडीराम," तो म्हणला, "काथ्या कुणी बांधला?"

"माझा मी."

"मग सोडणार कोण?"

मी फोन बंद केला. फाटकाच्या बाहेर, उन्हात, डांबरावर खरखर ऐकू यायला लागली होती. सावकाश येत होती, दमल्यागत. मी बाकावर जरा सरकून बसलो.